जिन्यातलं स्कॉटलंड

शुक्रवारी पहाटे सहाच्या सुमारास आमच्या जिन्यात कुणीतरी बूट आपटत वर जायचं, गच्चीपर्यंत पोचायचं आणि तसंच खाली यायचं. पुन्हा वर, पुन्हा खाली, असं बरोबर चार वेळा. पाचव्या वेळी ते बूट दहा-बारा पायऱ्याच चढायचे, क्षणभर थांबायचे आणि परत फिरायचे. बहारीनमध्ये, गुदैबियातल्या त्या घरात राहायला येऊन आम्हाला तीनच आठवडे झाले होते. पहिल्या शुक्रवारी मला वाटलं, कुणाचं तरी सामान हलतंय. दुसऱ्या शुक्रवारी वाटलं, गच्चीवरची पाण्याची टाकी बिघडली. तिसऱ्या शुक्रवारी मात्र माझी झोप आणि सहनशक्ती एकदमच संपली आणि मी लेंगा सावरत दार उघडलं.

समोर पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, उन्हाने रापलेला एक माणूस उभा. घोट्याच्या वर येणारे चामड्याचे जाड बूट, त्यात लोकरीचे मोजे, पाठीवर पिशवी, गळ्यात होकायंत्र. आणि महिना जुलैचा.

"किससे मिलना है?" मी विचारलं.

"किसी से नहीं." त्याने माझ्या दारावरची 'केळकर' ही पाटी वाचली आणि एकदम मराठीत आला. "कोण नको साहेब. चढ हाय."

"चढ?"

"दीडशे फुटांचा. तुमची बिल्डिंग छत्तीस फूट. चार फेऱ्या आनि वर सहा फूट. तुमी झोपा."

एवढं बोलून तो उरलेले सहा फूट चढायला निघून गेला. मी दार लावून घेतलं आणि सुनंदाला, माझ्या बायकोला, सांगितलं की एक वेडा आहे, पण आपल्याकडचा आहे.

शनिवारी ऑफिसात गेलो तर तेच बूट माझ्या टेबलासमोर उभे. आमचं ऑफिस अदलियातल्या एका व्हिलात होतं. रस्ते आणि पायाभरणीची सल्लागार कंपनी, मी तिथे नवा इंजिनिअर. हे गृहस्थ कंपनीचे सगळ्यात जुने सर्व्हेअर, उस्मानभाई मुकादम. गाव रत्नागिरीजवळ खाडीच्या काठी, आणि बहारीनमध्ये वीस-बावीस वर्षं. महिनाभर लांबच्या साईटवर होते, शुक्रवारचे तेवढे खोलीवर यायचे, म्हणून आमची गाठ पडली नव्हती. मला बघून ओशाळतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तुमच्या जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन सेंटिमीटर उंच हाय. वहिनींना सांगा, पडतील." मी घरी जाऊन मोजली. दोन सेंटिमीटर उंच होती.

या माणसाबद्दल लिहायचं तर गमतीचंच जास्त लिहावं लागतं. पण मी त्यांचं एक नुकसान केलं, कधीच भरून न येणारं, आणि तेही लिहावं लागणार आहे. तेवढ्यासाठीच इतकी वर्षं मी त्यांच्याबद्दल लिहायचं टाळत आलो.

तर तो चढ स्कॉटलंडमधला होता. तिकडे मिलगाय नावाच्या गावापासून उत्तरेला डोंगरांत जाणारी एक पायवाट आहे. लोक हौसेने ती सात दिवस चालतात. पहिला दिवस बारा मैलांचा, ड्रिमन नावाच्या खेड्यापर्यंत. या पहिल्या दिवसाचा नकाशा उस्मानभाईंकडे होता. त्यांनी तो ट्रेसिंग पेपरवर उतरवला, बहारीनच्या नकाशावर ठेवला, फिरवला, सरकवला आणि शेवटी जुळवला. मिलगाय म्हणजे मुहर्रकमधली त्यांची खोली. ड्रिमन म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं बुदैया. पहाटेची नमाज झाली की खोलीतून निघायचं, पुलावरून मनामात यायचं, शहर ओलांडून खजुरांच्या बागांच्या कडेने बुदैयाला पोचायचं आणि तिथल्या मशिदीत जुम्म्याची नमाज पढायची. परत बसने. अंतर जवळपास तेवढंच भरत होतं. पंचाईत एकच होती, बहारीन हातावर थापलेल्या भाकरीसारखं सपाट. चौथ्या मैलावरची टेकडी आणायची कुठून? तर चौथ्या मैलावर आमची बिल्डिंग होती.

"जंगल मात्र उलट्या बाजूला आलं," ते खंतावून म्हणायचे. "तिकडं जंगल पहिलं हाय, आपल्याकडं बागा शेवटी. त्याला इलाज नाय."

बहारीनमध्ये त्या काळी हौसेने कुणी चालत नसे. चालणारा माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला माणूस, असा सगळ्यांचा समज. दर शंभर पावलांवर एक टॅक्सी उस्मानभाईंशेजारी येऊन हळू व्हायची आणि भोंगा वाजवायची. ते शांतपणे म्हणायचे, "नो टॅक्सी. आय अ‍ॅम इन स्कॉटलंड." काही टॅक्सीवाले त्यांना ओळखू लागले होते. ते लांबूनच ओरडायचे, "स्कॉटलंड! यल्ला!" म्हणजे चला, चला.

निघाल्यापासून दोन तासांनी ते पिशवीतून रेनकोट काढून अंगात घालायचे आणि दहा मिनिटं तसेच चालायचे. तिकडे दोन तासांत पाऊस आल्याशिवाय राहत नाही असं त्यांना सांगितलेलं होतं. एकदा ऑगस्टमध्ये पोलिसाची गाडी थांबली. पोलीस तरुण होता, चांगला होता. त्याने आधी आकाशाकडे पाहिलं, मग रेनकोटाकडे, आणि म्हणाला, "मतर मफी!" म्हणजे पाऊस नाही. उस्मानभाईंनीही आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "इंशाल्ला." पोलिसाने थंड पाण्याची बाटली दिली आणि गेला.

त्या नकाशावर सातव्या मैलाच्या पुढे व्हिस्कीचा कारखाना दाखवला होता. इकडे नेमक्या त्याच जागी एक हॉटेल होतं आणि त्यात बार. उस्मानभाई आयुष्यात कधी थेंबाला शिवले नव्हते. तिथे ते रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचे, आणि तो कारखाना होता म्हणून की हा बार होता म्हणून, हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता येत नसे. पुढे मेंढ्यांची कुरणं लागतात आणि वाटेत लाकडी फाटकं. मी त्यांच्याबरोबर एकदा बुदैयाच्या रस्त्याला गेलो तेव्हा हे विजेच्या एका खांबापाशी थांबले, हवेतच काहीतरी ढकललं, पुढे गेले, मागे वळून ते काहीतरी लावून घेतलं आणि माझ्याकडे नाराजीने बघितलं. "साहेब, तुमी मधनंच आलात. मेंढरं बाहेर जातील."

तुम्ही म्हणाल, माणसाच्या डोक्यात थोडा फरक असावा. मुळीच नाही. त्यांच्याइतकं चोख काम करणारा सर्व्हेअर मी नंतरही पाहिला नाही. कामातला त्यांचा एक शब्द होता, 'एरर'. जगात बिनचूक मोजमाप नसतं, चूक किती ते सांगितलं पाहिजे, यावर त्यांची श्रद्धा. मी म्हणालो, पाच वाजता येतो, की ते विचारणार, "एरर किती?" सुनंदा म्हणाली, आमच्या सासूबाई महिनाभर राहणार आहेत, तर लगेच, "एरर किती, वहिनी?" सुनंदाने स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, "पंधरा दिवस, आणि तो वाढीकडेच!" त्यावर ते इतके हसले की चहा सांडला. तेव्हापासून सुनंदा त्यांच्यासाठी दर शुक्रवारी जिन्यात कोकम सरबताचा पेला ठेवू लागली. तिसरी फेरी संपली की ते तो पिऊन धुऊन परत ठेवत.

मी एकदा चिडवलं, "उस्मानभाई, चढच पाहिजे तर गावाला काय कमी आहे? तुमचा कातळाचा सडा आहे, घाटी आहे."

"गावाला चालायला देतात कुठं?" ते म्हणाले. "मागल्या सुट्टीत सड्यावर चाललो होतो एकटाच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, उस्मानची बहारीनची नोकरी गेली. माझा मेव्हणा जीप घेऊन मागनं आला. बसा म्हणाला, लोक बघतात. बायको दोन दिवस रडली."

आणि हे सगळं पहिल्याच दिवसाचं का? दुसरा, तिसरा दिवस का नाही? एकदा बुदैयाच्या किनाऱ्यावर उभं राहून मी हे विचारलं. "पुढे समुद्र हाय," ते म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "आनि पहिला दिवस आमी दोघांनी मिळून चालायचा हाय. तो झाला की पुढचं बघू. तोपर्यंत मी सराव ठेवतो, आलनला माझ्यासाठी थांबावं लागू नये."

आलन हा त्यांचा जुना साहेब. स्कॉटलंडचा, मुख्य सर्व्हेअर, लग्न न केलेला. चौदा वर्षं दोघांनी एका जीपमधून बहारीन मोजलं. आखाती युद्धाच्या आधी तो निवृत्त होऊन गेला. जाताना त्याने स्वतःचे बूट उस्मानभाईंना दिले, एक नंबर मोठे, म्हणून लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड. आणि तो पहिल्या दिवसाचा नकाशा दिला. "एका मे महिन्यात ये, मी मिलगायला उभा असेन," असं सांगून गेला. नंतरचे मे महिने एकापाठोपाठ एक गेले. उस्मानभाईंना दोन वर्षांनी एकदा सुट्टी, आणि कंपनीचं तिकीट मुंबईचं. एका सुट्टीत मोठ्या मुलीचं लग्न, एका सुट्टीत मधलीचं. दर वेळी ते आलनला कळवायचे, "नेक्स्ट मे, इंशाल्ला."

हे कळवायचं काम माझ्याकडे आलं. उस्मानभाई इंग्रजी फडाफडा बोलायचे, छापलेलं वाचायचे, पण हाताने लिहिलेलं इंग्रजी त्यांना लागत नसे. आलनचं पत्र आलं की ते शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे यायचे. मी ते मराठीत वाचून दाखवायचो, ते उत्तर सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचो. मला एक वाईट खोड होती, मी पत्रं सुधारायचो. ते सांगायचे, "लिहा, पाय बरा हाय, ऊन लय हाय, सराव चालू हाय." माझं होईपर्यंत पान भरलेलं असायचं. ते संशयाने बघायचे. "मी तीनच गोष्टी बोललो ना?"

"इंग्रजीत असंच लिहितात," मी म्हणायचो.

असं तीन वर्षं चाललं. मग एका फेब्रुवारीत आलनचं पत्र आलं, नेहमीपेक्षा छोटं. उस्मानभाई खुर्चीत बसले होते, हातात चहा. त्या सुट्टीत धाकटीचं लग्न ठरलं होतं, मेच्या मध्यावर, आणि ते खुशीत होते. मी मनात पहिल्या ओळी वाचल्या आणि थांबलो.

आलनने लिहिलं होतं की त्याला पोटाचा आजार झालाय, डॉक्टरांनी फार मुदत दिलेली नाही. या मेमध्ये पहिला दिवस आपण चालू शकू, सावकाश. पुढच्या मेचं मी सांगत नाही. जमलं तर ये, उस्मान. त्यानंतर एक ओळ हवामानाबद्दल होती.

आखातात राहणाऱ्या आम्हा लोकांचा एक अलिखित नियम होता. लांब असलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. तो तिथून काही करू शकत नाही, उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला? माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं ते मला सुट्टीवर गेल्यावर, तिच्या हातात काठी बघून कळलं. चार महिने पत्रांत सगळे मजेत होते. मलाही त्यात काही गैर वाटलं नव्हतं. उलट, घरच्यांनी माझी किती काळजी घेतली असंच वाटलं.

आणि आता माझ्यासमोर हा माणूस बसला होता, लग्नाच्या खुशीत. सांगितलं तर त्याच्या जिवाची ओढाताण होणार. लग्न तर मोडता येत नाही. हे सगळं मी चहाच्या दोन घोटांत ठरवून टाकलं. लग्न मेच्या मध्यावर होतं आणि सुट्टी दोन महिन्यांची होती, आठवडाभर तिकडे जाऊन येता आलं असतं, हे मला सुचलंच नाही. सुचलं नाही की सुचू दिलं नाही, हे आजही मला ठरवता येत नाही.

"काय म्हणतो आलन?" त्यांनी विचारलं.

"मजेत आहे," मी म्हणालो. "थंडी फार आहे म्हणतो. सवडीने ये म्हणतो."

"लिहा मग. धाकटीचं लग्न हाय. नेक्स्ट मे, पक्का."

मी लिहिलं. सवयीने सुरुवात केली, 'आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे.' मरणाची बातमी कळवणाऱ्या माणसाला मी हे उत्तर पाठवलं, उस्मानभाईंच्या सहीने. ते गेल्यावर सुनंदाला खरं काय ते सांगितलं. तीही म्हणाली, "बरं केलंस. लग्न होऊ दे."

लग्न थाटात झालं. जूनमध्ये उस्मानभाई आंब्यांची पेटी घेऊन परतले आणि दुप्पट जोराने सरावाला लागले. तिन्ही मुली आपापल्या घरी गेल्या, आता पुढचा मे कुणाच्या बापाचा नाही, बिनपगारी सुट्टी काढीन, असं सांगत फिरू लागले. जुलैच्या उकाड्यात चार फेऱ्यांच्या जागी आठ. दीडशे फुटांचे तीनशे कसे झाले, मी विचारलं. "वय वाढलं, साहेब, मंजे टेकडी पन वाढली समजायची." शुक्रवारी बूट वाजू लागले की मी कूस बदलून उशी कानावर घ्यायचो. अजून वेळ आहे, सांगून टाकू, असं दर आठवड्याला ठरवायचो आणि दर आठवड्याला ते मागे पडायचं.

सप्टेंबरात पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर वेगळं होतं. उस्मानभाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. "आलनचं नाय हे."

आलनच्या बहिणीचं होतं. आलन ऑगस्टमध्ये गेला. मी वाचून दाखवलं. उस्मानभाईंनी कपाळाला हात लावला आणि काहीतरी पुटपुटले. माझे डोळे पुढच्या ओळीवर गेले होते. ती ओळ गाळणं मला सहज शक्य होतं. त्यांना कधीच कळलं नसतं. सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

"पुढं काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

मी वाचलं. 'तुमचं शेवटचं पत्र त्याला मिळालं होतं. वाचून तो हसला. म्हणाला, हे उस्मानचं उत्तर नाही. उस्मानला कळलं असतं तर पहिल्याच ओळीत त्याने विचारलं असतं, डॉक्टरच्या मुदतीत एरर किती? त्याला कुणीतरी सांगितलेलं नाही. ज्याने सांगितलं नाही तो भला माणूस असेल, असं तो म्हणाला. तरीपण मे महिन्यात एक दिवस तो मला घेऊन मिलगायला गेला आणि तासभर गाडीत बसून राहिला.'

मी सगळं कबूल केलं, फेब्रुवारीतल्या पत्रात काय होतं ते शब्द न शब्द सांगितलं. माफी मागितली, तीही धड जमली नाही.

उस्मानभाई बुटांकडे बघत बोलू लागले, पण माझ्याशी बोलताहेत असं वाटेना.

"माझे अब्बा वारले तवा मी इथंच होतो. चाळीस दिवस मला कोणी सांगितलं नाय. खोलीत आमी सहा जण, सगळे गावचे. सगळ्यांना माहीत. मला गोडधोड करून घालत होते. घरनं पत्र आलं, अब्बा खुशाल हायेत, सलाम सांगतात. अब्बांना जाऊन तवा महिना झाला होता. ऑफिसात टेलेक्स आलेला, त्यात पन होतं, सांगू नका. आलनने तो बघितला. दुसऱ्या दिवशी झल्लाकच्या रस्त्याला जीप थांबवली आनि सांगितलं. सरळ. मग खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला, मला एकट्याला रडू दिलं. नंतर म्हणाला, चल, चालू या. जीप तिथंच टाकली. पाच तास चालत आलो आमी मनामाला. एक शब्द बोलला नाय तो. तो एकटा होता, केळकरसाहेब, ज्यानं माझ्यापासनं लपवलं नाय. बाकी सगळ्यांनी माझी काळजी घेतली."

त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. सुनंदाला "येतो वहिनी" म्हणाले. मला काही म्हणाले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी जिना शांत होता. त्याच्या पुढच्याही. सुनंदा चार-पाच आठवडे सरबत ठेवत राहिली, मग तिनेही बंद केलं. ऑफिसात ते भेटायचे, जमिनीच्या लेव्हलचे आकडे द्यायचे, चहा घेतलात का विचारायचे. बोलण्यात कडवटपणा नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्याकडून त्यांनी पुन्हा काही वाचून घेतलं नाही, काही लिहून घेतलं नाही. एप्रिलमध्ये एचआरच्या मुलीकडून कळलं की उस्मानभाई बिनपगारी सुट्टीवर निघालेत, आधी ब्रिटनला, मग तिकडूनच मुंबई. व्हिसाचा फॉर्म त्यांनी ठळक अक्षरांत, एकेक रकाना शोधत, स्वतः भरला होता. मी निरोप द्यायला विमानतळावर गेलो नाही. माझी हिंमत झाली नाही.

मेच्या अखेरीस ऑफिसच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाकीट आलं, तिकडच्या शिक्क्याचं. आत मराठीत लिहिलेली तीन पानं, मराठी सातवीतल्या हुशार मुलाच्या वळणदार अक्षरात. ते पत्र अजून माझ्याकडे आहे.

'रा. रा. केळकरसाहेब यांस उस्मान मुकादमचा सलाम. पहिला दिवस झाला. सकाळी साडेआठला निघालो, ड्रिमनला पावणेपाचला पोचलो. आलनची बहीण मिलगायपर्यंत सोडायला आली होती. तिला पुढे चालवत नाही. पाऊस दोन तासांनी नाही, वीस मिनिटांनी आला. चढ मला काहीच वाटला नाही. चिखल मात्र नकाशात दाखवलेला नव्हता, दोनदा पडलो.

'दुपारी एका तळ्याच्या काठी बसलो होतो. जर्मनीच्या दोन मुली आल्या, माझ्या धाकटीच्या वयाच्या. विचारलं, एकटेच का? मी म्हणालो, नाही, मित्र मागून येतोय, त्याची चाल हळू आहे. का म्हणालो ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, मग आम्हीही थांबतो, सगळे मिळून जाऊ. आणि बसल्या. मला बिस्किट दिलं. पंधरा मिनिटं आम्ही तिघं वाटेकडे बघत बसलो. मग मला खरं सांगावं लागलं. एक मुलगी रडली. मीही रडलो. आयुष्यात परक्या बाईसमोर रडलो नव्हतो. ड्रिमनपर्यंत त्या माझ्या चालीने चालल्या.

'सकाळी त्या पुढे गेल्या. मी गेलो नाही. पुढचे सहा दिवस बघण्याची माझी इच्छा नाही.

'हे सगळं तुम्हाला लिहू नये, खुशाल आहे एवढंच लिहावं असं मनात आलं होतं. पण मग फरक काय राहिला? म्हणून हेही लिहितो. तुमच्यावर माझा राग आहे. वाटेत तो थोडा कमी झाला होता, मग रात्री खोलीत परत वाढला. गेला असं लिहिलं तर खोटं होईल. तो जाईल तेव्हा कळवीन. वहिनींना सलाम. आपला, उस्मान.'

संध्याकाळी घरी आलो तर सुनंदा कणीक मळत होती. पाकीट बघून तिने विचारलं, "उस्मानभाईंचं? काय म्हणतात?"

मजेत आहेत, हे शब्द माझ्या ओठांवर आलेच होते. मी तिला हात धुऊन यायला सांगितलं आणि तिन्ही पानं तिच्यासमोर ठेवली.